ग्रंथपालासाठी वर्ग आहे, कार्यकारी मंडळाचे काय?

गावातले सार्वजनिक वाचनालय सरकारी असते, असा बऱ्याच वाचकांचा समज असतो. पाटीवर ‘शासनमान्य’ असे ठळक लिहिलेले असते, त्यामुळे तो होतो. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली बहुतेक वाचनालये स्थानिक संस्थांनी काढलेली आणि त्यांनीच चालवलेली आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने त्यांना मान्यता आणि अनुदान देण्याची सोय केली. कारभार मात्र संस्थेकडेच ठेवला. अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत ती विभागलेली आहेत.

या रचनेमुळे प्रत्येक वाचनालयात दोन प्रकारची माणसे असतात. एक पगारी : ग्रंथपाल, सहायक, लिपिक, शिपाई. लहान ठिकाणी या साऱ्यांचे काम एकच माणूस करतो. दुसरी बिनपगारी : अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि मंडळाचे बाकीचे सभासद. पुस्तक कुठल्या फळीवर लावायचे हे पगारी माणूस ठरवतो. पुस्तक घ्यायचे की नाही, बालविभागाला खोली द्यायची की ती खोली भाड्याने लावायची, हे बिनपगारी ठरवतात. प्रशिक्षणाचा विषय निघाला की मात्र बोलणे पहिल्या गटाचेच होते. म्हणून ग्रंथपाल कसा शिकतो हे आधी पाहू आणि मग कार्यवाहाच्या शिकण्याकडे येऊ.

प्रमाणपत्राचा वर्ग

ग्रंथपालाला शिकवून तयार करावे लागते ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणले आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. संस्थानातून ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघत असे, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. डॉ. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथालयशास्त्र ते नेमणुकीनंतर लंडनला जाऊन शिकले. पुढे १९२९ मध्ये त्यांनी मद्रासला इतरांसाठी वर्ग काढला. आधी नेमणूक आणि मग शिक्षण, हा क्रम आपल्या तालुक्यांतून आजही चालू आहे. वाचनाची आवड असलेला, गावात राहणारा, थोडक्या पगारावर यायला तयार असलेला माणूस आधी टेबलाशी बसतो आणि नंतर कधीतरी त्याला वर्गाला पाठवले जाते.

हा वर्ग म्हणजे ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. दहावी उत्तीर्ण झालेल्याला त्यात प्रवेश मिळतो, मुदत सहा महिन्यांची, शिकवणे मराठीतून. वर्ग बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा ग्रंथालय संघ चालवतो आणि परीक्षेची व्यवस्था ग्रंथालय संचालनालयाकडे असते. चौकशी करायची ती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा संघाच्या कार्यालयात. हे अंतर फार नसते, पण जायचे कोणाच्या तरी सांगण्यावरून. आपणहून विचारायला जाणारे थोडे.

तिथे काय शिकवतात हे एका पुस्तकाच्या वाटचालीवरून कळेल. विक्रेत्याकडून गठ्ठा येतो. बिलाशी पुस्तके ताडून पाहायची, पाने उलटीसुलटी नाहीत ना ते बघायचे. मग दाखल नोंदवही. प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक. तो एकदा दिला की दुसऱ्या पुस्तकाला कधीच द्यायचा नाही, मूळ पुस्तक हरवले तरी. त्यानंतर वर्गांक. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. मग लेखकाच्या नावाचे चिन्ह, पाठीवरचे लेबल, तालिकेतली नोंद आणि शेवटी फळी.

पाठ्यपुस्तकात हे सरळ दिसते. मराठी वाचनालयात मात्र निम्म्याहून अधिक पुस्तके ८९१.४६३ वरच येऊन साचतात. हजारो कादंबऱ्यांचा वर्गांक एकच असेल, तर त्या वर्गांकावरून पुस्तक सापडायचे कसे? तिथे सगळी भिस्त लेखकचिन्हावर आणि फळीवरच्या क्रमावर. ज्याने शंभर-दीडशे पुस्तके स्वतः लावून पाहिली त्यालाच हे उमगते. परीक्षेपुरते वाचणाऱ्याला उमगत नाही. म्हणून वर्गाला जाणाऱ्याने रोजच्या धड्याची उजळणी स्वतःच्या फळ्यांवर करावी, आणि कार्यवाहाने त्यासाठी त्याला वेळ द्यावा. सहा महिने वर्ग चालू असताना इकडे काम तेवढेच लादून ठेवले, तर प्रमाणपत्र मिळते आणि फळ्या होत्या तशाच राहतात.

प्रमाणपत्राच्या पुढे पदवी, म्हणजे बी.लिब., आणि तिच्या पुढे एम.लिब. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग सोयीचा. मोठ्या वर्गातल्या ग्रंथालयात ग्रंथपाल व्हायचे तर वरची पात्रता लागतेच. पण या पदव्यांचा तोंडवळा महाविद्यालयीन ग्रंथालयाचा आहे, असे माझे मत आहे. संशोधन-नियतकालिके, माहितीसाठे, उद्धरणे यांवर भर. आठवीतली मुले सुटीत वाचनालयात कशी टिकतील, दृष्टी अधू झालेल्या आजोबांना काय वाचायला द्यावे, वर्गणी थकवणाऱ्या सभासदाशी कसे बोलावे, यांवर फारसे काही नाही. पदवी जरूर घ्यावी. फक्त तिने सार्वजनिक वाचनालयाचे शिक्षण पुरे झाले असे समजू नये.

पगाराचा हिशेब

इथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ पासून वर्षाला ३०,००० रुपये अनुदान होते. त्यातले निम्मे पगारावर धरले तर महिन्याला १,२५० रुपये होतात. २०२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या हिशेबाने २,००० रुपये. एवढ्यावर राबणाऱ्याला ‘जरा शिकून घे’ असे सांगताना सांगणाऱ्याची जीभ अडखळायला हवी. शिकल्यावर पगार वाढेल अशी हमी संस्था देऊ शकत नाही, कारण तो अनुदानाशी बांधलेला. म्हणूनच प्रवेशाचे शुल्क, एसटीचे भाडे आणि पुस्तकांचा खर्च संस्थेने उचलायचा हे किमान झाले. सेवकाने स्वतःच्या खिशातून शिकावे आणि फायदा संस्थेचा व्हावा, हा व्यवहार न्यायाचा नाही.

वर्गाबाहेरचे शिक्षण

प्रमाणपत्र एकदा मिळते. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे माणूस त्याच टेबलाशी असतो. या काळातले शिक्षण बिनानावाचे असते, त्यामुळे ते मोजलेही जात नाही.

जिल्हा, विभाग आणि राज्य अशा तिन्ही पातळ्यांवरच्या ग्रंथालय संघांची अधिवेशने होतात. तिथे ठराव अनुदानाचे आणि वेतनश्रेणीचे, भाषणे पाहुण्यांची; खरा लाभ जेवणाच्या पंगतीत, शेजारच्या तालुक्यातला ग्रंथपाल थकलेली वर्गणी कशी वसूल करतो हे ऐकण्यात. जिल्हा ग्रंथोत्सवाचेही तेच. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन हे १९७२ मध्ये स्थापन झाले. पुस्तके, इमारत, साधने यांसाठी ते देत असलेले साहाय्य आपल्या संस्थांना माहीत असते. परिसंवाद, कार्यशाळा आणि प्रशिक्षणासाठीही त्यांची योजना आहे, ही गोष्ट मात्र मंडळाच्या बैठकीत क्वचितच कोणी काढते.

संगणकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे आणि उत्साह इथेच वाया जातो. ग्रंथालयाच्या कामासाठी दोन प्रणाली विशेष परिचित आहेत. ‘ई-ग्रंथालय’ ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली. ती न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आली. म्हणजे तिचा जन्म मोठ्या विद्यापीठात झालेला नाही, आपल्यासारख्याच ठिकाणी झाला आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ उपक्रमात कोहावर धड्यांची मालिका आहे आणि ती फुकट आहे.

पण प्रणाली शिकण्याआधी दोन गोष्टी शिकाव्या लागतात आणि त्या कोणताही विक्रेता शिकवत नाही. पहिली, युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन. जुन्या फाँटमध्ये भरलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण शोध घेतला की काहीच सापडत नाही. संगणकाच्या लेखी ती मराठी नसतेच. दुसरी, नाव लिहिण्याची एकच रीत. ‘देशपांडे, पु. ल.’, ‘देशपांडे पु.ल.’, ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ हे आपल्यासाठी एकच लेखक, संगणकासाठी चार. रीत न ठरवता नोंदी भरायला बाहेरची मुले बसवली, की महिन्याभरात दहा हजार नोंदी होतात आणि एकीचाही भरवसा राहत नाही. यावर उपाय असा : पहिली पाचशे पुस्तके ग्रंथपालाने स्वतः भरायची, येणाऱ्या शंका वहीत टिपायच्या, त्या शंकांची उत्तरे जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडून घ्यायची आणि मगच काम वाढवायचे. पाचशे पुस्तकांत जवळपास सगळ्या प्रकारच्या अडचणी भेटून जातात.

जुन्या पुस्तकांच्या जपणुकीचेही थोडके प्रशिक्षण हवे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे हा आपल्या वाचनालयांतला सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक घातक उपचार आहे. काही वर्षांत पट्टी गळून पडते, डाग कायमचा राहतो.

आता कार्यवाह

राज्य शासन दरवर्षी डॉ. रंगनाथन यांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्ता आणि उत्कृष्ट ग्रंथालय सेवक असे पुरस्कार देते. पुरस्कारात दोघे आहेत. प्रशिक्षणात मात्र कार्यकर्ता नाही. गावातला निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, व्यापारी, वकील हे चांगल्या हेतूने मंडळावर येतात आणि पहिल्या बैठकीपासून अशा गोष्टींवर सह्या करू लागतात, ज्या त्यांना कोणी समजावून सांगितलेल्या नसतात.

त्यांना नेमके काय माहीत असायला हवे? सुरुवात कायद्यापासून करू. वाचनालय चालवणारी संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते. निवडणूक होऊन विश्वस्त बदलले, की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जायला हवा. हार-तुरे होतात, फोटो छापून येतो, अर्ज मात्र राहून जातो. मग काही वर्षांनी दोन गट पडतात आणि कागदावर अजून जुन्याच मंडळाची नावे असल्याचे उघड होते. वाचनालयांतली कितीतरी भांडणे इथून सुरू होतात.

कलम ३५ संस्थेच्या पैशाच्या गुंतवणुकीचे. गावातल्या पतसंस्थेत एक-दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून इमारत निधी तिथे ठेवणे त्यात बसत नाही. कलम ३६ स्थावर मालमत्तेचे. रस्त्यालगतच्या इमारतीत वाचनालय वरच्या मजल्यावर आणि खाली दुकानगाळे हे दृश्य सर्रास दिसते. शेतीखेरीजची मालमत्ता तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. हे सांगायला वकील लागतो असे नाही, तासाभराचे नीट बोलणे पुरते. पण ते बोलणे मंडळ निवडून येते त्याच महिन्यात व्हायला हवे.

दुसरा विषय अनुदानाचा. वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित हिशेब, ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, कामाचे दिवस हे सगळे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे जाते आणि तपासणीत पाहिले जाते. या नोंदी ‘ग्रंथपालाचे काम’ म्हणून सोडून दिल्या जातात. तपासणीत खोट निघाली की बोल ग्रंथपालाला लागतो आणि अनुदान संस्थेचे अडते. निदान कोषाध्यक्षाला किर्द, पावतीपुस्तक आणि दाखल नोंदवही एकमेकांशी ताडता आली पाहिजेत : पुस्तकखरेदीचा जो आकडा किर्दीत आहे, त्याची प्रत्येक प्रत नोंदवहीत दिसते का, एवढेच पाहायचे असते.

तिसरा विषय ग्रंथनिवडीचा, आणि इथे मंडळे सर्वांत जास्त चुकतात. जास्त सूट देणारा विक्रेता चांगला, ही आपल्याकडची सर्वमान्य कसोटी. त्यामुळे मार्च महिन्यात अनुदान संपवायच्या घाईत गठ्ठे येतात आणि वर्षानुवर्षे त्यांतली पुस्तके कोणी हातात घेत नाही. गेल्या वर्षी कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले आणि वाचकांनी काय मागितले जे आपल्याकडे नव्हते, या दोन याद्या ग्रंथपालाने मांडल्याशिवाय खरेदीचा ठराव करायचा नाही, एवढी शिस्त लागली तरी पुष्कळ.

निर्लेखनाची भीती हे याच दुखण्याचे दुसरे टोक. वर्ग टिकवण्यासाठी ठरावीक ग्रंथसंख्या लागते, म्हणून कसर लागलेली, पाने गळालेली पुस्तकेही आकड्यासाठी फळी अडवून बसतात. पुस्तक बाद करण्याची रीतसर पद्धत आहे : यादी करायची, कारण लिहायचे, मंडळाचा ठराव घ्यायचा, नोंदवहीत शेरा मारायचा. ती न शिकल्यामुळे मंडळाला प्रत्येक बाद पुस्तक म्हणजे लेखापरीक्षकाचा आक्षेप वाटतो.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात यावर कायदाच झाला आहे. २०२३ पासून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रत्येक विश्वस्ताला वर्षातून निदान दोन तासांचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. तिथे २०१० पासून प्रमाणपत्र घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथपालांना दर पाच वर्षांत साठ तासांचे शिक्षण घेऊन ते प्रमाणपत्र टिकवावे लागते. तिथली ग्रंथालये करावर चालतात, पगार नियमित असतात, त्यामुळे साठ तासांची अट इथे जशीच्या तशी लावणे हास्यास्पद ठरेल. दोन तासांना मात्र पैसे लागत नाहीत. आपल्याकडे सक्ती येण्याची वाट पाहायचेही कारण नाही.

वर्षाची आखणी

समजा, तालुक्याच्या गावातले एक ब वर्गाचे वाचनालय आहे. तिथे हे कसे बसवता येईल?

पहिले काम ठरावाचे. अंदाजपत्रकात ‘प्रशिक्षण व प्रवास’ असे वेगळे शीर्ष उघडावे, रक्कम लहान असली तरी चालेल. शीर्षच नसेल तर शिबिराचे पत्र येते, टेबलावर राहते आणि तारीख निघून जाते. दुसरे, ज्या सेवकाकडे प्रमाणपत्र नाही त्याचे नाव पुढच्या वर्गासाठी आत्ताच नक्की करावे. वर्गाच्या दिवशी आणि अभ्यासाच्या वेळी कामात सवलत मिळेल असे ठरावातच लिहावे. तोंडी सवलत कार्यवाह बदलला की संपते.

मग अडचण येते ती टेबलाशी कोण बसणार याची. सेवक एकच असेल तर तो शिबिराला गेला की वाचनालय बंद. मंडळाच्या सभासदांनी आळीपाळीने त्या दिवशी देवघेव सांभाळावी. सुरुवातीला हे कमीपणाचे वाटते. पण विश्वस्ताला मिळणारे याहून चांगले शिक्षण मला ठाऊक नाही. एका संध्याकाळी ओळीने चार बायका येऊन पाककृतींचे नवे पुस्तक मागतात, स्पर्धा परीक्षेची दोन मुले बसायला जागा नाही म्हणून परत जातात, पावती लिहिता लिहिता रांग लागते. हे स्वतः पाहिलेला माणूस पुढच्या बैठकीत वेगळे बोलतो.

मंडळाच्या दोन तासांसाठी वेगळा दिवस शोधू नये. वर्षातल्या चार बैठकांना आधी अर्धा-अर्धा तास जोडला की दोन तास भरतात. एका वेळी लेखापरीक्षक, एका वेळी जिल्हा ग्रंथालय अधिकारी, एका वेळी शेजारच्या अ वर्गाच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. चौथ्या वेळी आपलाच ग्रंथपाल : त्याने वर्गात, शिबिरात काय पाहिले ते सांगावे आणि इथे त्यातले काय करता येईल ते सुचवावे. मंडळापुढे उभे राहून बोलण्याची संधी त्याला एरवी मिळत नाही. एकट्या संस्थेला वक्ता मिळत नसेल, तर तालुक्यातल्या चार-पाच वाचनालयांनी मिळून बोलवावा.

आणखी एक. वर्षातून एकदा ग्रंथपाल आणि कार्यवाह या दोघांनी बरोबर दुसरे एखादे चांगले वाचनालय पाहून यावे. १८४० चे नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर. प्रत्येक विभागात असे एखादे आहेच. एकटा ग्रंथपाल जाऊन आला तर तो मागणी करतो आणि मंडळ नकार देते. एकटा कार्यवाह गेला तर त्याला इमारत दिसते, काम दिसत नाही.

सध्या ज्यांच्या हाती एखाद्या वाचनालयाचा कारभार आहे, त्यांना एकच विनंती : पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘सेवक व कार्यकारी मंडळाचे प्रशिक्षण’ हा विषय घाला, आणि तो ‘आयत्या वेळचे विषय’ यांत ढकलू नका.